जनरलसाहेबांच्या पत्रांतल्या खिडक्या

राष्ट्राचा इतिहास तलवारीने लिहिला जातो आणि पत्रांतून जपला जातो, असं संग्रहालयाच्या संचालकांचं ठाम मत होतं. नव्या दालनाच्या भिंतीवर त्यांनी ते सोनेरी अक्षरांत रंगवूनही घेतलं होतं. त्याखालच्या काचेच्या पेटीत सध्या रंगाऱ्याचा ब्रश पडला होता.

पेटी भरायचं काम पत्रसंग्राहकाकडे होतं. त्याची नोकरी करारावरची, आणि करार महिनाअखेरीस संपत होता. "जनरलसाहेबांचं खिंडीच्या लढाईचं पत्र आणा," संचालक म्हणाले होते, "मग तुमचं बघू." खिंडीची लढाई शाळकरी पोरांनाही पाठ होती. ती जिंकणारे जनरल आघाडीवरून नेमाने घरी पत्रं लिहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पत्रं मात्र घराबाहेर कुणी पाहिली नव्हती. त्या घराण्यात आजोबा, वडील, मुलगा, सगळे फौजेत. असली माणसं एक वेळ किल्ला सोडतील, पत्रांची ट्रंक सोडायची नाहीत.

मुलगा म्हणजे आता ऐंशीकडे झुकलेले कर्नल. संग्राहकाने त्यांच्याकडे खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी कर्नल बिऱ्हाड आवरून लेकीकडे राहायला निघाले, आणि लेकीकडे ट्रंकेला जागा नव्हती. निरोप आला: "पत्रं देतो. आधी तयार करतो." तयारी आठवडेच्या आठवडे चालली.

संग्राहक पोचला तेव्हा भिंतीवरच्या तसबिरी उतरून जमिनीवर टेकल्या होत्या आणि मधोमध ट्रंक होती.

"या, पत्रवाले," कर्नलांच्या बायको म्हणाल्या. "न्या बाबा एकदाची. जेवायचं टेबल यांनी अडवून ठेवलंय. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय."

संग्राहकाने वरचं पत्र अलगद उचललं. पत्रातून त्याला कर्नलांचे बूट दिसले. कागदभर चौकोनी खिडक्या होत्या, पट्टीने आखल्यासारख्या.

"हे कशाने झालं?"

"ब्लेडने," कर्नल अभिमानाने म्हणाले. "कात्रीने कडा फाटतात."

कर्नलांची नोकरी सुरू झाली होती ती टपाल तपासणीत. आघाडीवरून निघालेल्या पत्रातली गावं, नद्या, तारखा, पलटणींचे आकडे कापायचे आणि मगच ते पुढे सोडायचं. वडिलांची पत्रं घराबाहेर चालली म्हटल्यावर त्यांनी तेच केलं.

"साहेब, ते युद्ध संपून जमाना झाला. त्या देशाकडून आपण आता संत्री घेतो."

"आदेश मागे घेतल्याचा कागद मला आलेला नाही."

"आणि खिंड?"

"ती तर पहिल्यांदा कापली."

"तुकडे असतील ना?"

"जाळले. नियमच आहे. साक्षीदार म्हणून हिची सही घेतली."

"दूध उतू जात होतं," त्या म्हणाल्या. "आधी सही कर म्हणाले."

संग्राहक ट्रंकेच्या कडेवरच टेकला. करार गेल्यात जमा होता. चिडावं म्हटलं तर समोर म्हातारा शाबासकीची वाट बघत उभा. डोळ्याला भिंग लावून त्याने एवढी पत्रं कापली होती आणि एक कड वाकडी जाऊ दिली नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून संग्राहकाने उरलेलं वाचायला घेतलं.

"'मोजे विरले, दुसरे पाठव. धाकटा पाण्याला घाबरतो म्हणून त्याला रागावू नकोस. मीही घाबरतो. नदी ओलांडताना मी घोड्यावर डोळे गच्च मिटून बसलो होतो. शिपायांना वाटलं, साहेब प्रार्थना करताहेत.'"

धाकटा म्हणजे कर्नलच. ते हळूच खुर्चीत बसले.

"असं आहे त्यात?"

"तुम्हीच कापलंत ना हे पत्र?"

"मी गावं शोधत होतो. बाकीचं कशाला वाचेन? लोकांची खाजगी पत्रं वाचायची नसतात."

"म्हणजे आंघोळीची टाळाटाळ खानदानी आहे तर," बायको म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"पुन्हा वाचा," कर्नल म्हणाले.

संग्राहकाने पुन्हा वाचलं. मध्येच कर्नल पुटपुटले, "नदी राहिली." हात सवयीने ब्लेडकडे गेला आणि तिथेच थांबला. "राहू दे," ते म्हणाले.

ट्रंक संग्रहालयात आली. खरं कारण लिहिलं असतं तर म्हाताऱ्याचं गावभर हसं झालं असतं. नोंदवहीत 'हानीचे कारण' या रकान्यात संग्राहकाने लिहिलं: वाळवी.

संचालकांनी एक पत्र उजेडात धरलं. "वाळवी? इतक्या सरळ रेषेत?"

"फौजी घरातली होती, साहेब."

संचालकांनी पत्रातल्या खिडकीतून त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी ट्रंक तळघरात, वाळवीच्या हानीचा नमुना म्हणून ठेवायला सांगितली. संग्राहकाचा करार एका वर्षाने वाढला, कीड-नियंत्रण विभागात.