माझा कागदी जुळा

मी पाटा बोलतोय. खरा, दगडाचा, तीन पायांचा पाटा. 'खरा' हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझं रूप घेऊन एक कागदी पाटा सध्या गावोगाव मिरवतोय. लोक त्याच्यापुढे उभे राहून डोळे पुसतात. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. माझा कधी आला नाही. मी जळतो त्याच्यावर, आणि ते लपवायचं वय माझं आता राहिलेलं नाही.

माझा जन्म मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगराखालचा. एका पाथरवटाने मला अकरा दिवस घडवलं. पेत्रोना नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या धर्ममातेने मला आहेर म्हणून दिलं. माझ्या कडेला लाल-पिवळी फुलं रंगवली होती आणि पेत्रोनाचं नाव लिहिलं होतं. मिरवणुकीत मला डोक्यावर घेऊन एक जण चक्क नाचला होता. एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

मी फक्त कोकोचा पाटा. मिरची-लसणाने मला कधी शिवलं नाही, त्यांच्यासाठी घरात दुसरा पाटा होता. माझ्या पोटाखाली निखारे ठेवायचे, दगड कोमट झाला की भाजलेला कोको, दालचिनी, साखर घालून वाटायला बसायचं. पेत्रोना गुडघे टेकून बसायची आणि वरवंटा पुढे ढकलताना उजव्या हातावर जोर द्यायची. तिची मुलगी तोमासा, तिचीही तीच ढब. दोघींच्या मिळून साठ वर्षांच्या वाटण्याने माझ्या उजव्या अंगाला तळहाताएवढा खळगा पडला.

तोमासा लॉस एंजेलिसला निघाली तेव्हा तिने कपड्यांचं बोचकं मागे ठेवलं, पण मला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. बसमधल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" ती म्हणाली, "माझ्याहून मोठं आहे." ते ऐकून मी किती फुशारलो असेन!

मग तोमासाचे गुडघे गेले. सहा वर्षं मी ओट्याखाली धूळ खात पडलो. वर मिक्सर घरघरायचा. त्याच्यावरही मी जळायचोच, पण तो दर दोन वर्षांनी मरायचा, म्हणून मनाला जरा थंडावा असायचा.

तोमासाची मुलगी रोसाल्बा चित्रं काढते. तिच्यासारख्या पाच जणींनी मिळून लॉस एंजेलिसच्याच बॉइल हाइट्स वस्तीतलं टायरचं जुनं गॅरेज भाड्याने घेतलं आणि त्यात आपला गट थाटला. कुणी वाहाकाची, कुणी साल्वादोरची, तर इवेलीस पोर्तो रिकोची. आपण कुठल्या, आपल्या आज्या कोण, इथे आपल्याला आपलं कोण म्हणणार, यावर त्या दिवसभर बोलत आणि त्याचीच चित्रं करत. इवेलीस मोठ्या ऐटीत स्पॅनिशमध्ये सुरुवात करायची, पाचव्या शब्दाला इंग्रजीत घसरायची, आणि मग त्या घसरण्यावरच एक चित्र काढायची. पोरी गुणी होत्या, हे मी नाकारत नाही.

एक दिवस रोसाल्बाने मला आईकडून मागून नेलं. मला वाटलं, आता ही गुडघे टेकणार! पण तिने मला गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून लावलं. आणि आठवड्याभराने इवेलीस व्हॅसलीनचा डबा घेऊन आली.

त्यांना मला छताला टांगायचं होतं. मी पडलो पंधरा किलोंचा. म्हणून त्यांनी मला व्हॅसलीन चोपडलं, वर प्लास्टर थापलं, माझा साचा काढला, आणि त्या साच्यात आयांची जुनी पत्रं भिजवून थरावर थर चिकटवले. निघाला तो कागदी गडी. वजन म्हणाल तर पावाच्या लादीएवढं! पण माझा एकन् एक व्रण त्याच्या अंगावर. खळगासुद्धा. त्याला दोऱ्यांनी टांगलं, वर पिवळा दिवा सोडला. बायका यायच्या, त्याच्या खळग्यात हात ठेवायच्या आणि मुळूमुळू रडायच्या. खळगा माझा, आसवं त्याला! आणि मी दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटांच्या ठोकरा खात.

ऑक्टोबरच्या मध्यावर तोमासा काठी टेकत मला परत न्यायला आली. तिने खाली वाकून माझ्या अंगावरून बोट फिरवलं.

"हे पांढरं काय गं?"

"प्लास्टर आहे, मावशी," इवेलीस म्हणाली. "थोडं छिद्रांत राहिलंय. दोनदा साबणाने घासलं मी."

"साबणाने?" तोमासाचा आवाज एकदम चढला. "कोकोच्या पाट्याला साबण लावलास? अगं, दगड पितो तो! आता वर्षभर फेसाचं चॉकलेट प्यायचं का आम्ही?"

"आई, ओरडू नकोस ना," रोसाल्बा म्हणाली. "आम्ही तुझा मानच केलाय. बघ तरी वर."

"मान वर टांगलास आणि पाटा दाराशी टाकलास. पुढच्या महिन्यात मृतांच्या दिवसाला तुझ्या आजीचा आत्मा घरी येईल, तिच्यापुढे काय ठेवू? कागद? फ्रेस्नोची माझी चुलतबहीण क्लेमेंतीना कधीची मागतेय. तिला देऊन टाकते. ती निदान वाटेल तरी."

 क्लेमेंतीनाच्या हातून एक पाटा फुटलाय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"नको," रोसाल्बा म्हणाली. "मी वाटते."

"तू? तुला गुडघे आहेत हे तरी ठाऊक आहे का?"

"आहेत. दोन आहेत."

तोमासा हसली नाही, पण तिने इलारिओला बोलावलं. इलारिओ कबरस्तानात दगडांवर नावं कोरतो. त्याने मला उन्हात धरलं, नखाने खरवडलं आणि मान हलवली.

"प्लास्टर आत गेलंय, बाई. वरचा थर काढून नवी टाकी लावावी लागेल. मग पाटा चालेल. पण हा खळगा जाईल."

"अजिबात राहणार नाही?"

"नाही. किंवा असाच ठेवा. शोभेला छान आहे."

तोमासाने खळग्यात आपला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. खरं सांगतो, मला कामाची भूक होती, पण त्या घटकेला मला टाकी नको होती. ती मात्र उठली आणि म्हणाली, "लावा."

छिन्नीचे घाव पडत होते तेव्हा मी रडलो असतो, पण आम्हा दगडांना ती सोय नाही.

मग मला पुन्हा माणसात आणणं सुरू झालं. नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावर खडेमीठ आणि मका वाटत राहायचं, दगडाची कच येणं थांबेपर्यंत. पाचही जणी पाळीपाळीने बसल्या. खुर्चीत बसून तोमासा चिमूट तोंडात टाकायची आणि थुंकायची. "दगड. परत."

"मावशी, माझी कंबर मोडली!" इवेलीस कण्हली.

"मोडू दे. मग तिचंही चित्र काढ."

बाकीच्या दमल्या, पण रोसाल्बा उठेना. तिचे गुडघे सोलले, केस मक्याच्या पिठाने पांढरे झाले. ती डावखुरी आहे. पहिल्या दिवशी वरवंटा डावीकडे झुकला तेव्हा मी चमकलोच. या बाजूला मला कधी कुणी एवढं दाबलं नव्हतं. नवव्या दिवशी तोमासाने चिमूट तोंडात टाकली आणि ती थुंकली नाही. "निखारे ठेवा," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, आता ती मला कुरवाळेल. पण ती काठी टेकत छताखाली गेली, त्या कागदी गड्यापाशी, आणि त्याच्या खळग्यात तिने हात ठेवला. नेमका बसला.

"रोसाल्बा, इकडे ये," ती म्हणाली. "हा माझा हात. याच्याखाली माझ्या आईचा आहे. लागतोय तुला?"

रोसाल्बाने आईच्या हातावर आपला हात ठेवला. दोघी तशाच उभ्या राहिल्या. आणि मी, खरा पाटा, नवा कोरा, सपाट, खाली बसून जळत होतो.

त्या वर्षी चॉकलेट माझ्यावरच वाटलं गेलं. आता मी रोसाल्बाच्या स्वयंपाकघरात असतो आणि ती दर रविवारी माझ्यापुढे बसते. तिच्या हाताचा खळगा डाव्या अंगाला पडेल, पण त्याला तीस वर्षं तरी हवीत. तोवर तिने उठू नये, एवढंच माझं मागणं आहे.

तो कागदी गडी आज शिकागोत आहे. तुम्ही कधी त्याच्यासमोर उभे राहिलात, तर त्याला पाण्यापासून, वाळवीपासून जपा. त्याला वाळवी लागो, असं मी रोज म्हणायचो. आता म्हणत नाही. पेत्रोनाचा आणि तोमासाचा हात त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.