तळ्याकाठचं कॉलेज

खोईदादा गेल्यापासून आमच्या घरात त्याचा मान वाढला. जिवंत होता तेव्हा उशिरा उठतो म्हणून बोलणी खायचा. आता पूर्वजांच्या कोनाड्यात त्याचा फोटो आणि त्यापुढे रोज गरम भात, तळलेला मासा. हायफोंगच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तो अमेरिकेत उत्तरेकडच्या एका छोट्या कॉलेजात शिकत होता आणि गोठलेल्या तळ्यावरून चालताना बर्फ फुटून बुडाला. अस्थी विमानाने आल्या.

यंदा त्याच कॉलेजने मला बोलावलं. दुसरं बोलावणं अमेरिकेतल्याच, पण दक्षिणेकडच्या तशाच छोट्या कॉलेजचं, जिथे बर्फ पडत नाही. दोन्हीकडे पूर्ण शिष्यवृत्ती, वर्गात मोजकी मुलं, आणि जीवशास्त्राबरोबर मातीची भांडी घडवायलाही शिकता येणार. उत्तर कळवायला एकच दिवस उरला होता.

"सगळंच थोडं थोडं!" आत्याने नाक मुरडलं. "अगं दिएप, पण शेवटी होणार कोण? डॉक्टर की कुंभार?"

बाबा हसले नाहीत. "एक पोर त्या तळ्याने घेतलं, तेवढं पुरे. दक्षिणेकडेच जायचं."

मला दादाचंच कॉलेज हवं होतं. तो जिथे वावरला तिथे मला वावरायचं होतं, इतकी मला त्याची आठवण यायची. पण हे बाबांना सांगायची छाती झाली नाही. मी एवढंच म्हणाले, "दादालाच विचारा ना."

आमच्यात मोठी गोष्ट पूर्वजांना विचारूनच ठरते. एका बाजूला चुना लावलेली दोन जुनी नाणी बशीत टाकायची. एक पांढरं, एक काळं पडलं तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार. एक प्रश्न तीनदा विचारायची मुभा.

बाबांनी उदबत्ती लावली. "खोई, हिला दक्षिणेकडे पाठवू ना रे?"

दोन्ही पांढरी.

"मस्करी करतोय कार्टा," बाबा म्हणाले. पुढच्या वेळी दोन्ही काळी पडली, आणि मग पुन्हा पांढरी.

"जिवंतपणी तरी कधी ऐकलं होतं त्याने तुझं?" आत्या म्हणाली.

मला लाज वाटावी इतका आनंद झाला. "मग तुझ्याच कॉलेजात येऊ का, दादा?" म्हणत मी नाणी टाकली. सारखी. पुन्हा सारखी. तिसऱ्यांदाही तेच. मी घाबरले.

आई इतका वेळ भाताची वाटी धरून दारात उभी होती. ती पुढे आली. कॉलेजचं नाव तिने काढलंच नाही.

"बाळा, तू इथे आहेस का रे?"

दोन्ही काळी. आईने नाणी पुन्हा उचलली नाहीत.

"तो नकार देत नाहीये," ती म्हणाली. "तो इथे नाहीच."

पाण्यात गेलेल्याला काठावर जाऊन हाक मारावी लागते, नाहीतर त्याला घरची वाट सापडत नाही. दादा बुडाला तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता. अस्थी आल्या म्हणजे दादाही आला, असं आम्ही धरून चाललो. इतकी वर्षं आम्ही रिकाम्या कोनाड्याला जेवू घालत होतो, आणि तो तिकडे थंडीत उभा होता.

बाबांनी बशी पालथी घातली. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणाले.

आईने पेटीतून दादाचा शर्ट काढला. "हा हातात धरून तीनदा हाक मार. काठावरूनच. बर्फावर पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार."

"आणि नाहीच आला," ती शर्टाची बाही सरळ करत राहिली, "तर त्याच्यासाठी तिथे थांबू नकोस गं. तू तरी ये."

मी दादाच्या कॉलेजला होकार कळवला. संध्याकाळी कोनाड्यात काहीच ठेवलं नव्हतं. दादाच्या वाटचा मासा आईने माझ्या ताटात वाढला, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.