चौथा चौकोन

"या अर्जात तीनच चौकोन आहेत," खिडकीआडची बाई म्हणाली. "गाडी उशिरा आली, गाडी रद्द झाली, प्रवासी वेळेत पोहोचला नाही. यातलं तुमचं काय झालं?"

"गाडी थांबली नाही."

"म्हणजे रद्द?"

"रद्द कशी? आली की! माझ्या नाकासमोरून गेली. खिडकीतल्या एका बाईनं मला हातसुद्धा केला. थांबली नाही, एवढंच."

बाईने पडद्यावर बघितलं. "शेवटच्या स्टेशनात वेळेवर पोहोचलीय. एका मिनिटाचाही फरक नाही."

"पोहोचणारच! मागून उशिरा आली, मधली चार स्टेशनं गाळली आणि वेळ भरून काढली. आम्ही बारा जण फलाटावर सामान घेऊन उभे. आम्हाला गाळलं म्हणून ती वेळेवर."

"तसा चौकोन नाहीये, काका."

हा माणूस कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे एक अंधारी खोली, त्यात प्लास्टरचे साचे, मेणाचा वास आणि ओळीने वाळत ठेवलेल्या गुलाबी हिरड्या. पस्तीस वर्षं. हातात कला आणि तोंडात थापा. घरचे, दारचे, गिऱ्हाइकं, सगळे त्याला 'आलोच' म्हणूनच हाक मारत. फोनवर 'आलोच' म्हणायचा तेव्हा स्वारीची अंघोळही झालेली नसायची. वडील गेले तेव्हा दोन तास उशिरा उगवला आणि गाडी लेट होती म्हणाला. गाडी लेट नव्हती, हा झोपला होता. थोरल्या बहिणीने तेव्हाच स्टेशनात फोन करून खात्री करून घेतली होती. बोलली काही नाही. न बोललेलं तिच्याकडे कायम जमा राहायचं.

ताई नर्स होती, गाडीने तीन तासांवरच्या गावात. निवृत्त व्हायला पंधरा दिवस राहिले असताना तिची वरची कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. निरोपाच्या समारंभात ती बोलणार होती. साहेबांच्या तोंडावर सांगणार होती, की तुमच्या संडासाच्या फरश्या दोनदा बदलल्या, पण रात्रपाळीच्या पोरींना टेकायला एक खुर्ची अकरा वर्षांत मिळाली नाही. चाळीस माणसांसमोर हे बोलायचं तर तोंडात दात हवेत. दात नसतील तर लोक शब्द ऐकत नाहीत, तोंड बघतात.

"नवी कवळी तुझ्यानं वेळेत होईल का? नाहीतर दुसरीकडे देते," तिने फोनवर विचारलं होतं.

"ताई, तुझी शपथ."

आणि खरंच झालं. आदल्या संध्याकाळी पॉलिश संपलं. सकाळी सातच्या गाडीसाठी हा सहाला फलाटावर हजर, कापसात गुंडाळलेल्या कवळीचा खोका छातीशी धरून. सात चाळीसला गाडी आली आणि धडधडत निघून गेली. पुढची थेट दुपारी. संध्याकाळी तो पोहोचला तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवणं चाललं होतं. ताई म्हणे स्टेजवर तोंडाला रुमाल लावून बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. बाईंना भरून आलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात साहेबांनी.

घराच्या दारात तिने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

"गाडी थांबलीच नाही? वा! ही थाप नवीन आहे."

दार बंद. खोका त्याने खिडकीत ठेवला आणि परत फिरला. तेव्हापासून तीन आठवडे ती फोन उचलत नव्हती.

म्हणून तो रेल्वेच्या या खिडकीशी आला होता. भरपाई गेली खड्ड्यात. कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यावं, की हा माणूस खोटं बोलला नाही. एवढंच त्याला हवं होतं.

"तुम्ही असं करा," बाई आवाज खाली आणून म्हणाली. वाईट नव्हती ती, दिवसाला शंभर माणसं झेलून दमलेली होती. "तिसऱ्या चौकोनात खूण करा. वेळेत पोहोचलो नाही म्हणून. अर्धं भाडं परत मिळतं, दोन दिवसांत खात्यात जमा. तुमच्या फलाटावरच्या बाकी अकरा जणांनी तेच केलंय."

"ते करतील. मी कसं करू?"

"खूणच तर करायची. काय फरक पडतो?"

"बाई, अख्ख्या आयुष्यात एकदाच वेळेवर गेलोय मी."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. याला मात्र हसू आलं नाही. आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या तोंडी, आणि स्वतःच्या अब्रूवर. ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याकडूनच, त्याच्याच अक्षरात थाप लिहून घ्यायची आणि वर अर्धं भाडं देऊन उपकार करायचे, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. असल्या थापेला कचेरीच लागते.

त्याने तिकिटाची कड पट्टीसारखी धरून तिसऱ्या चौकोनाखाली चौथा आखला. साचा कोरणारा हात तो, चौकोन छापल्यासारखा आला. त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं : मी वेळेवर आलो होतो. गाडी थांबली नाही.

"हे चालणार नाही, काका."

"मग चालणार नाही असं लिहून द्या."

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग शिक्का उचलला. *अर्ज फेटाळला.* कारणाच्या रकान्यात लिहिलं : नमुन्यात नसलेला मजकूर.

रविवारी तो हा कागद घेऊन ताईकडे गेला. दार उघडलं तेव्हा तिने तोंडावर हात धरलेला होता. चष्मा लावून तिने कागद वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"फेटाळला लिहिलंय."

"हो."

"मग हा पुरावा कसला?"

"नाहीच पुरावा."

"तिसऱ्यावर खूण केली असतीस तर पैसे मिळाले असते." बोटांच्या आडून शब्द फुसफुसत येत होते. "आणि तिसरं तर तुझं पाठच आहे की रे जन्मभर."

"म्हणून तर नाही केली."

तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली, त्या हाताने आखलेल्या चौकोनावरून अंगठा फिरवला. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. उठून तो नीट बंद करून आली.

"तो खोका मी उघडलासुद्धा नाही," ती फडताळाकडे मान उडवत म्हणाली. "आला आहेस तर बघ बसते का."

त्याने हात धुतले. तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं.

"आ कर."

ती जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग तिने तोंडावरचा हात खाली घेतला आणि आ केला.

डाव्या बाजूला, सुळ्याच्या जागी, हिरडी लाल झाली होती आणि मधे पांढरा ठिपका होता. असे व्रण त्याने पस्तीस वर्षांत शेकड्यांनी बघितले होते. नव्या कवळीची कड टोचून होतो तो. एका दिवसात होत नाही. रोज घालावी लागते, आठवडाभर तरी, तिच्याने चावावं लागतं, बोलावं लागतं. एकटीच्या घरात, कुणाशी कोण जाणे.

"काय बघतोस एवढं?"

"काही नाही. डाव्या कडेला जरा घासावी लागेल."

"अजून घातली नाही तोवरच?"

"मला वरूनच कळतं."

त्याने खोका उघडला, पिशवीतली बारीक कानस काढली आणि मान खाली घालून घासायला लागला. गुलाबी पूड त्याच्या पँटवर पडू लागली. ताई उठून आत गेली, एक जुना टॉवेल घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर पसरला.