बहात्तर पॉइंटांची सवत

हेमंताचं ऊन कुणाचाही मत्सर करत नाही. ते केशरवर्णी, मृदुचरण ऊन प्रासादावर पडतं, पर्णकुटीवर पडतं, यवतेश्वराच्या उतारावरच्या वाळक्या गवतावर पडतं. आणि साताऱ्यात, सोमवार पेठेतल्या खटावकरांच्या माडीवर, ते थेट संगणकाच्या काचेवर पडतं. म्हणूनच कमलनं खिडकीचा पडदा धुवायला काढला होता. महिन्यात तिसऱ्यांदा. उन्हानं काच आंधळी होते, आणि काचेवर ती होती.

ती म्हणजे तिचा नवरा मोरेश्वर चार वर्षं घडवत असलेली अक्षरमाला, संगणकाचा फॉन्ट. पुष्टस्कंधा, क्षीणमध्या, बोरूच्या तिरक्या छेदानं कुठे घनगर्द, कुठे केसाएवढी बारीक. प्रत्येक दंडाच्या तळाशी नखाएवढं पाऊल, अलगद टेकवलेलं. जन्म कालचा, चेहरा शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पोथीचा: कडा किंचित झिजलेल्या, शाई किंचित पसरलेली. ती झीज मोरेश्वर हातानं रेखायचा. एकेक ओरखडा, एकेक डाग, प्रेमानं.

कमल महिन्यातून एकदा कलप लावून केसांवरची वर्षं पुसायची. तो महिनाभर अक्षरांवर वर्षं चढवायचा. एकाच घरात.

हे तिनं सोसलं. लग्नपत्रिकेला शोभेल म्हणाला, सोसलं. अत्तराच्या कुपीला, संगीत नाटकाच्या जाहिरातीला, परवा उघडून परंपरा सांगणाऱ्या पेढ्यांच्या दुकानाला शोभेल म्हणाला, तेही सोसलं. पण मार्गशीर्षातल्या एका दुपारी, केर काढताना, टेबलाखाली कागदांची चळत सापडली. आणि कागदाकागदावर, लहान, मोठं, ठळक, तिरकं, एकच नाव: ज्योत्स्ना शृंगारपुरे.

एकशे बारा कागद. तिनं मोजले.

आणि नाव तरी कसं! चांदण्यात भिजलेलं, वळणावळणानं चालणारं, पावलोपावली किणकिणणारं. तिला स्वतःचं नाव आठवलं. कमल. चाळीतल्या तीन खोल्या, एका रांगेत.

"कोण हो ही?"

"कोण?" मोरेश्वर वळलाही नाही.

"एकशे बारा वेळा लिहिलीत ती."

"ती होय! अगं, चाचणीचं नाव आहे ते. पाणीपट्टीच्या बिलावर त्या बाईंची सही असायची. हा त्स्ना बघ, कसा एकमेकांत गुंततो. शृ तर रडवतो मला. हे नाव जमलं की मराठीत काहीही जमतं."

"मग माझं का नाही लिहिलंत?"

"तुझं?" त्यानं प्रामाणिकपणे विचार केला, हाच त्याचा दोष. "तुझ्यात अवघड काही नाहीच गं. तू पहिल्याच दिवशी जमलीस."

खिडकीत ऊन थिजलं. कमलच्या उरात मत्सर पसरला, नीलवर्ण, संथ, ओल्या कागदावरच्या शाईसारखा. खरीखुरी सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ही नुसती अडचण होती. आणि अडचणीवर हा माणूस किती जीव लावतो!

"लिहा," ती म्हणाली. "मोठ्ठं. बहात्तर पॉइंट."

त्यानं लिहिलं. ती पाहत राहिली. तोही पाहत राहिला. मग त्याची मान कलली, चष्मा कपाळावर गेला, आणि भुवयांमध्ये ती आठी उमटली, जी चार वर्षं फक्त दुसरीसाठी उमटत आली होती.

"क आणि म फार लांब उभे आहेत गं," तो पुटपुटला. "तुला मी नीट पाहिलंच नव्हतं."

"नव्हतंच," कमल म्हणाली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

तीन आठवडे तो तिच्यावर खपला. केसभर अलीकडे, केसभर पलीकडे. तीन आठवडे ती तांबूस उन्हात बसून राहिली; दुर्घट, दुःसाध्य, तृप्त.

पौषात अक्षरमाला पुरी झाली. एका लोणचेवाल्यानं ती घेतली. बरणीच्या मागच्या बाजूला, तळाशी, एका ओळीसाठी ती वापरतात: कोरडा चमचा वापरावा.