खुर्चीखालच्या गोट्या

शिट्टी माहेरी आली की घरात नंतर, आधी बाबांच्या सलूनमध्ये शिरायची. लहानपणी दम्याने तिची छाती वाजायची, म्हणून बाबांनीच हे नाव पाडलेलं. आई चिडायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

काय दिवस होते ते! बाबांना ती नजरेसमोर लागायची, म्हणून शाळा सुटली की ती सलूनच्या बाकावर. तिची छाती वाजली की बाबांची कात्री थांबायची आणि गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने ताटकळत बसायचं. पोरीला त्रास नको म्हणून बाबांनी मानेला पावडर लावणंही सोडलं. माणसं मान खाजवत, नावं ठेवत घरी जायची आणि केस वाढले की मुकाट परत यायची.

थांबलेली कात्री मात्र शिट्टीच्या जिवाला लागायची. आपल्यामुळे बाबा घाबरतात, हे त्या एवढ्याशा पोरीला कळलं होतं. मग तिने युक्ती काढली. दम लागला की ती रिकाम्या खुर्चीखाली वाकायची. वाकलं की श्वासाला जरा वाट मिळते. कुणी विचारलं तर सांगायची, गोटी पडली. आणि गंमत बघा, तिथे गोटी सापडायचीच. आपल्याकडे इतक्या गोट्या आल्या कुठून, हे कोडं तिला कधी सुटलं नाही.

आज ती दुपारी आली तर सलून रिकामं, आणि बाबा खुर्चीखाली वाकलेले.

"काय शोधताय?"

"कंगवा पडला गं."

कंगवा त्यांच्याच शर्टाच्या खिशात होता. तिला हसू आलं. म्हातारपण, दुसरं काय! मग तिला त्यांचे वरखाली होणारे खांदे दिसले, उघडं तोंड दिसलं, आणि तिचं हसू थांबलं.

"कधीपासून होतंय हे?"

"कुठे काय?"

"बाबा, ही युक्ती माझी आहे. मला नका शिकवू."

बाबा तिथेच फरशीवर बसले. "झाले काही महिने. आईला सांगू नकोस, तिची झोप उडेल."

"मीही तेच करायचे ना."

"ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "गोट्या कोण टाकून ठेवायचं मग? म्हटलं, पोर खोटी पडायला नको."

ती मटकन शेजारी बसली. बापाबद्दल माया दाटून आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मला वाटायचं, मी तुम्हाला फसवलं. पण त्या खुर्चीखाली फार एकटं वाटायचं हो. एकदा तरी वाकून बघायचं होतंत."

"हिंमत नाही झाली," बाबा म्हणाले. "तू रडली असतीस, तर मीही रडलो असतो."

"मग रडलो असतो दोघं."

तिने त्यांच्या खिशातला कंगवा काढून आरशापुढे ठेवला.

"मी खुर्चीखाली काही टाकून ठेवणार नाही. दम जरा बसू दे, मग दुकान बंद करून डॉक्टरकडे जायचं. आईलाही घेऊन."

"गिऱ्हाईक येईल."

"थांबेल. अर्ध्या डोक्याने थांबायची सवय आहे त्यांना."

बाबा हसायला गेले आणि छातीतून बारीक शिट्टी वाजली. त्यांनी पटकन ओठ मिटले.

"दाबू नका," ती म्हणाली. "वाजू दे."

मग त्यांनी आवाज दाबला नाही. श्वास जागेवर येईपर्यंत ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून खुर्चीजवळ बसून राहिली.