एक बूच औषध

"आई, आज माझ्या बादलीत ते औषध टाकू नका," सून श्वेता मोरीच्या दारातून म्हणाली आणि माझं डोकं सणकलं.

मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात मी तीस वर्षं आया आहे. जंतुनाशकाचं बूचभर औषध पडल्याशिवाय पाणी मला पाणी वाटतच नाही. लादीचं असो नाहीतर आंघोळीचं. घरी त्याच पाण्याने मी खालची जागा आतून-बाहेरून धुते. सून माझ्या नितेशशी लग्न करून आली त्याच आठवड्यात तिलाही शिकवलं. बाईच्या जातीला वास येता कामा नये, असंही ऐकवलं. तोंडच फटकळ माझं.

"का नको? स्वच्छ राहायला नको?"

"आग होते. दोन महिने झाले, खाज थांबत नाही. नितेश जवळ आला तरी नको वाटतं." ती रडत नव्हती, पण बॅग भरून तयार होती. "मी घाणेरडी नाहीये. तुम्हाला तसं वाटतं ना, मग जाते मी आईकडे."

मी बॅग बाजूला ओढली. म्हटलं, "आधी आमच्या डॉक्टरबाईंना दाखवूया. मग खुशाल जा."

डॉक्टरबाईंनी तपासलं. इन्फेक्शन नव्हतं, नुसती कातडी भाजली होती. "कशाने धुतेस?" त्यांनी विचारलं. मीच ठसक्यात सांगितलं.

"सुगंधाबाई, लादी आणि बाई यात काही फरक आहे की नाही?" त्या म्हणाल्या. "आतून धुवायचंच नाही, ती जागा आपली आपण स्वच्छ राहते. बाहेरून साधं पाणी. पुसायचं ते पुढून मागे. आतले कपडे सुती घालायचे. वाळत कुठे घालता?"

"टॉवेलखाली. पुरुषमाणसं असतात ना घरात."

"म्हणजे दमटच अंगावर चढवता. उन्हात घाला."

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "चुकला गो माझा." घरात कुणाला हे म्हणायची सवय नव्हती मला.

श्वेता म्हणाली, "तुम्हाला नाही होत आग?"

"होते की. बायकांना होतेच ती."

"रोज?"

"रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही पण बंद करा ना."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीत ऊन येतं तिथे मी दोरी बांधली आणि दोघींचे कपडे उघड्यावर वाळत घातले. नितेश इकडेतिकडे बघायला लागला. म्हटलं, बघ, कपडेच आहेत.

माझ्या बादलीतलं औषधही मी बंद केलं. आठवडाभराने ड्युटीवर बाळंतिणींच्या चादरींच्या घड्या घालत होते. हात थांबले. सिस्टर म्हणाल्या, "काय होतंय, सुगंधाबाई?"

"काही नाही. काहीच होत नाहीये, आगसुद्धा नाही."

आणि मला इतका राग आला की मी तिथेच स्टुलावर बसून रडले. "तीस वर्षं, सिस्टर," एवढंच म्हणता आलं.