मुकुंदरावांच्या साम्राज्याची चतुःसीमा

इसवी सन अकराशे सत्याऐंशी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. मिरजेपासून बगदादपर्यंत आणि सिंहलद्वीपापासून बर्फाच्या समुद्रापर्यंत पसरलेल्या पृथ्वीचे एकछत्री सम्राट मुकुंदराव तासकर यांनी सकाळी साडेनऊ वाजता घोषणा केली, की या भूतलावर आता जिंकण्यासारखं काहीही उरलेलं नाही.

स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं.

ते हॉलपासून नऊ दिवसांच्या वाटेवर होतं. पूर्वी सात पावलांवर होतं. मोजणी खात्यातून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मुकुंदरावांना लॅपटॉप दिला. त्यात मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांचा एक गेम होता, आणि मुकुंदरावांनी एका गढीच्या ठाणेदारापासून सुरुवात केली. पहिला परगणा जिंकला त्या दिवशी घरातला पॅसेज हातभर वाढला. कोकण घेतलं तेव्हा बाथरूमला जाताना वाटेत एक मुक्काम पडू लागला. कागदावर फ्लॅट सहाशे चाळीस चौरस फुटांचाच होता.

पॅसेज आणखी एका गोष्टीने वाढायचा. मुकुंदराव ओरडले की. एका ओरडण्याला सरासरी अर्धा कोस. हे त्यांनी स्वतः साखळी टाकून मोजलं होतं.

ओरडायला कारणं पुष्कळ होती. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे बांध मोजले. ज्याचा बांध हातभर मागे सरला त्याने शिव्या दिल्या, ज्याचा पुढे सरला त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. तो सगळा संताप त्यांनी फायलीत लावावा तसा तारीखवार जपून ठेवला होता. आता बाहेर काढत होते. "बघू कोण येतंय माझा बांध कोरायला," असं म्हणून ते एकेक राज्य गिळत.

पण सवय जाता जात नाही. युद्ध पुकारण्याआधी ते लगतच्या राजाला नोटीस काढत: अमुक तारखेस आपल्या हद्दीवर चालून येत आहोत, तरी स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. राजे बिचारे हरकत लिहीत बसत, तेवढ्यात किल्ला पडे.

जिंकलेली माणसं घरात राहायला आली. बगदादचा वजीर चपलांच्या स्टँडवर बसून दप्तर सांभाळू लागला. इस्फहानच्या अमिराने निष्ठेच्या बदल्यात जहागीर मागितली, तेव्हा मुकुंदरावांनी त्याला बेडरूम देऊन टाकली.

त्या वेळी मात्र त्यांनी नोटीस काढली नाही. बेडरूमला लगत त्यांच्या पत्नी शालनताई होत्या. कन्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून त्याही निवृत्त झालेल्या. त्या दिवशी त्यांनी चटई गुंडाळली आणि स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून पृथ्वीवर तेवढंच एक स्वतंत्र राज्य होतं.

घोषणा झाल्यावर वजिराने खाकरून एक अर्ज पुढे केला.

"सरकार, साम्राज्याची नोंद करायची तर चतुःसीमा लागते. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण."

"सगळीकडे मीच आहे."

"मग नोंद होत नाही. शेजारी नसलेली जमीन धरत नाहीत. पंधरा दिवसांत लगतच्या खातेदाराची सही आली नाही, तर प्रांत ज्याचे त्याच्या नावावर परत."

"हा नियम कोणा गाढवाने केला?"

वजिराने अर्ज उलटा करून दाखवला. "अक्षर आपलंच दिसतंय, सरकार."

मुकुंदराव असे ओरडले, की नऊ दिवसांची वाट साडेनऊ झाली.

सत्तर हजार फौज घेऊन ते निघाले. ओरडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून तुताऱ्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि सगळे चपला हातात घेऊन चालत होते. साडेनऊ दिवसांनी स्वयंपाकघराचं दार आलं. शालनताई खाली बसून मेथी निवडत होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "पायपुसण्याला पाय पुसून या. सगळ्यांनीच."

त्यात आणखी अर्धा दिवस गेला.

"सही कर," मुकुंदराव कुजबुजले.

"कशावर?"

"मी सम्राट आहे यावर."

"कधीपासून?"

"तू इथे राहायला आलीस तेव्हापासून."

"मी आले नाही. मला घालवलंत."

"शालन," मुकुंदरावांचा आवाज जरा चढला. ओटा, मेथीची जुडी आणि शालनताई वीस हात मागे गेल्या. मुकुंदरावांनी ओठ दाताखाली धरला, वीस हात चालून गेले आणि पुन्हा कुजबुजत भांडू लागले.

"जन्मभर दुसऱ्यांच्या नावावर जमिनी चढवल्या मी. एकदा, फक्त एकदा, काहीतरी माझ्या नावावर होतंय. आणि तुला एक सही जड झाली?"

"तुमच्या त्या अमिराला विचारा, बेडरूम सोडतोस का म्हणून."

"तो फुटेल. तो फुटला की खुरासान फुटेल. मग सगळेच फुटतील."

"फुटू देत की. माझी पाठ धरलीय."

उत्तर मुकुंदरावांच्या आधी त्यांच्या रागाला सुचलं.

"तुझी पाठ माझ्या साम्राज्याहून मोठी आहे का?"

पुढच्या रांगेतल्या भालाइतांनी माना खाली घातल्या. ते लग्न झालेले होते.

शालनताईंनी पदराला हात पुसले, अर्ज घेतला आणि केसांतून लाल पेन काढलं.

"'चतुसिमा' काय? विसर्ग राहिलाय. आणि सी दीर्घ."

तेवढं दुरुस्त करून त्यांनी रकाने भरायला घेतले. पूर्वेस: स्वयंपाकघर. पश्चिमेस: स्वयंपाकघर. दक्षिणेस: वरीलप्रमाणे. उत्तरेस: वरीलप्रमाणे.

"चूक आहे हे," मुकुंदराव म्हणाले. बायकोशी वाद वेगळा, पण मापाचा प्रश्न होता. "स्वयंपाकघर एका अंगाला आहे."

"मोजून घ्या."

मुकुंदराव वळले. फौजेच्या पलीकडे, जिथे हॉल असायला हवा होता, तिथे क्षितिजावर बरण्यांची फळी उभी होती. डावीकडे सिंक चकाकत होतं. उजवीकडे आभाळभर खिडकीची जाळी. त्यांनी साखळी टाकली. रकाने बरोबर होते. खात्री करायला पुन्हा टाकली, तर साम्राज्य एका कडीने कमी भरलं. सत्तर हजारांचे खांदे एकमेकांना लागले.

"ओरडा, सरकार," वजीर कानाशी म्हणाला. "हद्द आत येतेय."

मुकुंदरावांनी छाती भरून श्वास घेतला. समोर शालनताई हातभर अंतरावर होत्या. इतक्या जवळ त्या कित्येक वर्षांत नव्हत्या. त्यांच्या भुवईतला एक केस पांढरा झालेला मुकुंदरावांना दिसला, आणि त्या गोष्टीचाही राग आला. ही नोंद त्यांना कोणी कळवलीच नव्हती. श्वास तसाच छातीत राहिला. बरण्या आणखी हातभर पुढे आल्या.

"सही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

"सरकार, पाच दिवस उरले," वजीर म्हणाला. "बेडरूमचा अमीर निष्ठेचं पत्र पाठवतो म्हणालाय. पण बेडरूम इथून अकरा दिवसांच्या वाटेवर, म्हणजे तेही वेळेत यायचं नाही."

शालनताईंनी पेन सहीच्या जागेवर टेकवलं. तिथे लाल ठिपका उमटला.

"करते की. त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "फक्त त्या अमिराच्या डोक्याखाली माझी सावरीची उशी आहे, तेवढी आणून द्या."